आधी हात, मग मशीन

सकाळी ६.०० : डायलिसिससाठीच्या आरओच्या पाण्यात क्लोरीन नसल्याची खात्री केली. डायलायझर आणि नळ्या सलाईननं प्राइम केल्या.

७.०० : पहिली शिफ्ट. वजन, मग बीपी. तेही फिस्टुला नसलेल्या हाताचं. त्यानंतर फिस्टुलावर बोटं. फिस्टुला म्हणजे ऑपरेशननं शिरेला जोडलेली धमनी. तिच्यातलं रक्त थेट शिरेत घुसतं, म्हणून तिथं मांजराच्या गुरगुरीसारखी थरथर लागते. ही थ्रिल. खिडकीजवळच्या काकांच्या हाताला आज थरथर कमी आणि ठोका जास्त. नोंद केली.

७.३० : १६ गेजच्या दोन सुया. मावशींचं नेहमीचंच, "सिस्टर, तिथंच टोचा ना, दुखत नाही." दुखत नाही कारण तिथली कातडी मेली आहे. एकाच जागी टोचत राहिलं की शीर फुगत जाते, वरची कातडी पातळ होते आणि एखाद्या दिवशी फुटूही शकते. त्यांना समजावून बोटभर वर टोचलं.

८.१५ : मानेत कॅथेटर असलेला मुलगा थंडीनं कुडकुडायला लागला, पाठोपाठ ताप. मशीन सुरू झाल्यावर असं झालं की पहिला संशय कॅथेटरच्या जंतुसंसर्गाचा. डॉक्टरांना बोलावलं, आधी ब्लड कल्चर, मगच अँटिबायोटिक. फिस्टुला तयार व्हायला दीड-दोन महिने तरी लागतात. त्याचं ऑपरेशन लांबत गेलं, म्हणून अजून कॅथेटरवर.

१०.०० : काकांच्या मशीनचा अलार्म. नळी मुडपलेली नाही, सुई जागेवर. एरवी १४० च्या आसपास असणारं व्हीनस प्रेशर, म्हणजे रक्त शिरेत परत जातानाचा दाब, १९० वर. मागची पानं उलटली. आकडा दर खेपेला थोडा थोडा चढतोय.

११.३० : काकांच्या सुया काढल्या. एरवी दहा मिनिटांत थांबणारं रक्त आज पंचवीस मिनिटांनी थांबलं. ठोका, प्रेशर, रक्त : तिन्ही खुणा पुढे शीर अरुंद झाल्याच्या. डॉक्टरांनी डॉपलर सोनोग्राफी लिहून दिली.

दुपारी १.०० : दुसऱ्या शिफ्टच्या ताईंची थ्रिल गायब. रात्रभर जुलाब, बीपी उतरलेलं, फिस्टुलात गुठळी. सुई लावलीच नाही. डॉक्टरांनी पोटॅशियम तपासायला पाठवलं आणि व्हॅस्क्युलर सर्जनला फोन केला. यात उशीर झाला तर हात वाचतो, फिस्टुला जातो.

५.०० : काकांच्या डॉपलरसाठी शहरात उद्याची वेळ मिळाली. फोनवर काका कुरकुरले, "डायलिसिस तर पुरं झालं, मग शहरात कशाला?"

"आत्ता फुग्यानं शीर रुंद करता येईल, काका. बंद पडल्यावर जाल, तर मानेत कॅथेटर घालून परत याल."

"बरं, सकाळच्या एसटीनं निघतो."