हॅटी जेक्स

हॅटी जेक्स (जन्मनाव: जोसेफिन एडविना जेक्स, ७ फेब्रुवारी १९२२ – ६ ऑक्टोबर १९८०) या ब्रिटिश रंगभूमी, नभोवाणी, चित्रपट आणि दूरचित्रवाणीवरील विनोदी अभिनेत्री होत्या. 'कॅरी ऑन' चित्रपटमालेतील करड्या शिस्तीची मेट्रन आणि बीबीसीच्या 'साइक्स' मालिकेतील एरिक साइक्स यांची जुळी बहीण या दोन भूमिकांमुळे त्या ब्रिटनमध्ये घरोघरी परिचित झाल्या. १९४७ ते १९७९ या काळातील बहुतेक सर्व महत्त्वाच्या ब्रिटिश विनोदी कलाकारांबरोबर त्यांनी काम केले. त्यांतील अनेकांशी त्यांची आयुष्यभराची मैत्री होती आणि त्यांच्या कारकिर्दीतील बऱ्याच संधी या मैत्रीतूनच आल्या.

प्रारंभिक जीवन

जेक्स यांचा जन्म इंग्लंडमधील केंट परगण्यात, समुद्रकाठच्या सँडगेट या गावी झाला. वडील शाही हवाई दलात होते. हॅटी अगदी लहान होत्या तेव्हा, १९२३ मध्ये, विमान अपघातात त्यांचे निधन झाले. आईला हौशी रंगभूमीची आवड होती. थोरले बंधू रॉबिन हे पुढे पुस्तकांचे चित्रकार म्हणून नावारूपाला आले. हॅटी यांचे शिक्षण लंडनमध्ये झाले. शाळेनंतर काही काळ त्यांनी केशभूषेचे काम शिकून पाहिले. दुसऱ्या महायुद्धात त्या रेड क्रॉसच्या स्वयंसेवी परिचारिका होत्या आणि नंतर एका कारखान्यात वेल्डिंगचे काम करीत. पडद्यावर मेट्रन म्हणून गाजलेल्या या अभिनेत्रीने खरोखरच रुग्णसेवा केली होती, ही गोष्ट त्यांच्या चाहत्यांपैकी अनेकांना ठाऊक नसते.

रंगभूमी

१९४४ मध्ये लंडनच्या प्लेयर्स थिएटरमध्ये त्यांनी व्यावसायिक रंगभूमीवर पदार्पण केले. व्हिक्टोरियाकालीन 'म्यूझिक हॉल' परंपरेतील गाणी, नकला आणि प्रेक्षकांशी थेट चालणारी थट्टामस्करी हे या नाट्यगृहाचे वैशिष्ट्य होते. पुढे नाव कमावणारे अनेक विनोदी नट याच रंगमंचावर घडले. 'हॅटी' हे नावही त्यांना येथेच मिळाले. चेहरा काळा रंगवून करण्याच्या, त्या काळी रूढ असलेल्या आणि आज आक्षेपार्ह मानल्या जाणाऱ्या एका कार्यक्रमात त्यांना पाहून कोणाला तरी अमेरिकन अभिनेत्री हॅटी मॅकडॅनियल यांची आठवण झाली आणि ते नाव कायमचे चिकटले. आडनावाच्या इंग्रजी वर्णलेखनात त्यांनी स्वतः एक अक्षर वाढवले, मात्र उच्चार तोच राहिला.

प्लेयर्समध्ये नाताळच्या सुमारास होणाऱ्या पॅन्टोमाइममध्येही त्या नियमित काम करीत. (हा परीकथेवर आधारित, गाण्यांनी व विनोदाने भरलेला ब्रिटिश नाट्यप्रकार आहे, मराठीत ज्याला मूकनाट्य म्हणतात त्याच्याशी त्याचा संबंध नाही.) अशा प्रयोगांच्या लेखनात आणि दिग्दर्शनातही त्यांचा सहभाग असे. शरीर स्थूल असूनही त्यांच्या हालचाली हलक्या व डौलदार होत्या. रंगमंचावर एकाच वेळी भारदस्त आणि चपळ दिसण्याची ही हातोटी पुढे कॅमेऱ्यासमोरही त्यांच्या उपयोगी पडली.

नभोवाणी

१९४७ मध्ये बीबीसीच्या 'इटमा' या अत्यंत लोकप्रिय विनोदी कार्यक्रमात त्यांना सोफी टकशॉप या खादाड शाळकरी मुलीची भूमिका मिळाली. सोफीने काय काय खाल्ले याची लांबलचक यादी सांगायची आणि शेवटी आता आपण ठीक असल्याची ग्वाही द्यायची, असा हा विनोद होता. नभोवाणीवर नटीचा देह श्रोत्याला दिसत नाही, तरीही त्यांना मिळालेली पहिली मोठी भूमिका देहाच्या आकाराभोवतीच बेतलेली होती. आपल्या स्थूलतेविषयी जेक्स मनातून संकोची होत्या. लठ्ठ बाई म्हणजे हसण्याचा विषय, हे समीकरण त्या काळच्या लेखकांनी गृहीतच धरलेले असल्यामुळे त्यांच्या वाट्याला येणाऱ्या भूमिकांचे वर्तुळ सुरुवातीपासून लहान राहिले.

प्रमुख कलाकार टॉमी हँडली यांच्या निधनामुळे १९४९ मध्ये 'इटमा' बंद पडला. १९५० पासून जेक्स 'एज्युकेटिंग आर्ची' या कार्यक्रमात दिसू, किंबहुना ऐकू, लागल्या. त्याचे नायक पीटर ब्रफ हे शब्दभ्रमकार होते. बोलणाऱ्याचे ओठच न दिसणाऱ्या माध्यमात शब्दभ्रमाचा कार्यक्रम लक्षावधी लोकांनी आवडीने ऐकावा, ही नभोवाणीच्या इतिहासातील एक गंमतच म्हणावी लागेल. याच्या संहिता एरिक साइक्स लिहीत आणि बाहुल्याच्या शिक्षकाचे काम काही काळ टोनी हॅनकॉक करीत. जेक्स यांच्या पुढील वीस-तीस वर्षांवर ज्या दोन माणसांचा सर्वाधिक प्रभाव पडला ती दोघेही त्यांना या एकाच कार्यक्रमात सहकारी म्हणून लाभली. १९५६ मध्ये त्या 'हॅनकॉक्स हाफ अवर'मध्ये दाखल झाल्या. रे गॉल्टन आणि ॲलन सिम्पसन यांनी लिहिलेल्या या कार्यक्रमात त्या हॅनकॉकच्या ग्रिसेल्डा प्यू या सेक्रेटरी होत्या. मालकाला वरचढ ठरणारी, कामापेक्षा खाण्याकडे अधिक लक्ष असणारी अशी ही व्यक्तिरेखा होती. सिड जेम्स व केनेथ विल्यम्स हेही त्याच चमूत होते.

चित्रपट

१९४६ पासून त्यांना चित्रपटांत छोट्या भूमिका मिळू लागल्या. त्यांत डेव्हिड लीन यांचा 'ऑलिव्हर ट्विस्ट' (१९४८) आणि 'स्क्रूज' (१९५१) हे चार्ल्स डिकन्सच्या कथांवरील चित्रपट उल्लेखनीय आहेत. मात्र त्यांची खरी ओळख निर्माते पीटर रॉजर्स व दिग्दर्शक जेराल्ड थॉमस यांच्या 'कॅरी ऑन' मालेने घडवली. 'कॅरी ऑन सार्जंट' (१९५८) पासून 'कॅरी ऑन डिक' (१९७४) पर्यंत मालेतील १४ चित्रपटांत त्यांनी काम केले.

मालेतील दुसरा चित्रपट, 'कॅरी ऑन नर्स' (१९५९), हा त्या वर्षी ब्रिटनमध्ये सर्वाधिक कमाई करणारा चित्रपट ठरला. त्यातच जेक्स प्रथम मेट्रन झाल्या. चित्रपटाचे अखेरचे दृश्य प्रसिद्ध आहे. सतत छळणाऱ्या एका कर्नलवर सूड म्हणून परिचारिका त्याला पालथे निजवतात आणि थर्मामीटरच्या जागी डॅफोडिलचे फूल लावून निघून जातात. तेवढ्यात मेट्रन आत येते. विनोद फुलाचा असला तरी दृश्य पेलते ते जेक्स यांच्या चेहऱ्यामुळे. आधी अधिकारवाणी, मग अविश्वास आणि शेवटी प्रतिष्ठा सांभाळण्याची धडपड हे सारे भाव काही क्षणांत त्या चेहऱ्यावरून सरकतात. या भूमिकेच्या निरनिराळ्या आवृत्त्या त्यांनी 'कॅरी ऑन डॉक्टर' (१९६७), 'कॅरी ऑन अगेन डॉक्टर' (१९६९) आणि 'कॅरी ऑन मेट्रन' (१९७२) मध्ये सादर केल्या. 'मेट्रन' हा शब्द विशिष्ट हेल काढून उच्चारण्याची केनेथ विल्यम्स यांची लकब ब्रिटिश बोलीत वाक्प्रचारासारखी रुळली आहे.

याला अपवाद असलेला चित्रपट म्हणजे 'कॅरी ऑन कॅबी' (१९६३). यात त्या पेगी हॉकिन्स या टॅक्सीमालकाच्या उपेक्षित पत्नीच्या भूमिकेत आहेत. नवऱ्याला (सिड जेम्स) धंद्यापुढे घर दिसत नाही, म्हणून ती गुपचूप स्वतःची टॅक्सी कंपनी काढते, तीत केवळ तरुण स्त्रिया चालक म्हणून नेमते आणि नवऱ्याचा व्यवसाय जवळजवळ बुडवते. येथे जेक्स नायिका आहेत. त्यांची पेगी देखणी, हुशार आणि दुखावलेली आहे आणि तिच्या देहावर कोणी हसत नाही. मालेतील स्वतःच्या चित्रपटांपैकी त्यांना हाच सर्वांत प्रिय होता. अशी भूमिका या मालेत त्यांना पुन्हा मिळाली नाही, ही मालेच्या लेखकांची मर्यादा होती. मानधनाच्या बाबतीतही माला उदार नव्हती. आघाडीच्या पुरुष कलाकारांच्या तुलनेत अभिनेत्रींना साधारण निम्मी रक्कम मिळत असे.

दूरचित्रवाणी

२९ जानेवारी १९६० रोजी बीबीसीवर 'साइक्स अँड अ...' ही मालिका सुरू झाली. मूळ कल्पना नवरा-बायकोच्या संसाराची होती. परंतु तशा मालिका आधीच पुष्कळ असल्यामुळे साइक्स यांनी नाते बदलून दोघांना अविवाहित भाऊ-बहीण, तेही जुळे, केले. काटकुळा, उंच साइक्स आणि धिप्पाड जेक्स यांना जुळे म्हणून सादर करण्यातच निम्मा विनोद साधला जात असे. मालिकेत मात्र या विसंगतीचा कोणी उच्चारही करीत नाही. जेक्स यांच्या लठ्ठपणावर विनोद करायचा नाही हे पथ्य साइक्स यांनी लेखनात पाळले. त्यामुळे हॅटी ही व्यक्तिरेखा समजूतदार, प्रेमळ, भावाच्या उचापतींना कंटाळणारी आणि तरीही त्यांत ओढली जाणारी बहीण म्हणून उभी राहिली. ज्या काळात इतर लेखक त्यांच्या शरीरापलीकडे पाहत नव्हते, त्या काळात एका मित्राने त्यांना साधे माणूस म्हणून लिहिले, यात या मालिकेचे महत्त्व आहे.

१९६५ मध्ये ती मालिका संपली. १९७२ मध्ये 'साइक्स' या नावाने ती रंगीत स्वरूपात पुन्हा सुरू झाली आणि १९७९ पर्यंत चालली. नव्या मालिकेतील बरेच भाग जुन्या संहितांवरच बेतलेले होते. आगंतुक शेजारी चार्ल्स ब्राउन (रिचर्ड वॉटिस, निधन १९७५) आणि पोलीस शिपाई 'कॉर्की' (डेरिक गायलर) ही पात्रेही लोकप्रिय झाली. साइक्स यांची श्रवणशक्ती तोपर्यंत जवळजवळ गेली होती. सहकलाकारांच्या ओठांच्या हालचाली आणि वाक्यांच्या ठरलेल्या लयीवर त्यांना अवलंबून राहावे लागे. अशा नटासमोर उभ्या असलेल्या अभिनेत्रीने एक मात्राही चुकवून चालत नसे. पडद्यावर दिसणाऱ्या सहजतेमागे ही शिस्त होती.

याशिवाय आयटीव्हीवरील 'अवर हाऊस' (१९६०–६२) मध्ये त्यांनी चार्ल्स हॉट्री व जोन सिम्स यांच्यासह काम केले. 'मिस ॲडव्हेंचर' (१९६४) ही त्यांना केंद्रस्थानी ठेवून काढलेली मालिका अल्पजीवी ठरली.

वैवाहिक जीवन व मित्रपरिवार

अभिनेते जॉन ल मेझरर यांची व जेक्स यांची भेट १९४७ मध्ये प्लेयर्स थिएटरमध्ये झाली. १० नोव्हेंबर १९४९ रोजी त्यांचा विवाह झाला. त्यांना रॉबिन व किम असे दोन पुत्र झाले. रॉबिन ल मेझरर हे पुढे गिटारवादक म्हणून रॉड स्ट्युअर्ट यांच्या वाद्यवृंदात होते.

लंडनच्या अर्ल्स कोर्ट भागातील अर्डली क्रेसेंट या रस्त्यावरचे त्यांचे घर हे नाट्यव्यवसायातील मित्रमंडळींचा अड्डा होते. नाताळच्या दिवशी ज्यांना जायला दुसरे घर नसे असे सहकारी तेथे हक्काने जेवायला येत. आयुष्यभर अविवाहित राहिलेल्या जोन सिम्स यांनी अनेक नाताळ या घरी साजरे केले. केनेथ विल्यम्स यांच्या मरणोत्तर प्रकाशित दैनंदिनीत सहकाऱ्यांविषयी बोचरे शेरे विपुल आहेत, पण जेक्स यांच्याविषयी त्यांना वाटणारी आपुलकीही तीत दिसते.

१९६० च्या दशकाच्या आरंभी जेक्स यांचे जॉन स्कोफील्ड या मोटारविक्रेत्याशी प्रेमसंबंध जुळले आणि काही काळाने तो त्याच घरात राहू लागला. ल मेझरर यांनी भांडण न करता वरच्या मजल्यावरील खोलीत मुक्काम हलवला. १९६५ मध्ये घटस्फोट झाला. तेव्हाच्या इंग्रजी कायद्यानुसार घटस्फोटासाठी पती-पत्नींपैकी एकाचा दोष सिद्ध व्हावा लागे. जेक्स यांची लोकांमधील प्रतिमा डागाळू नये म्हणून ल मेझरर यांनी तो दोष स्वतःकडे घेतला. वृत्तपत्रांनी त्यांनाच अपराधी मानले आणि त्यांनी त्याचे खंडन केले नाही. पुढे स्कोफील्ड जेक्स यांना सोडून गेला. या आघातानंतर त्यांचे वजन आणखी वाढले व प्रकृती ढासळू लागली.

ल मेझरर यांनी १९६६ मध्ये जोन मॅलिन यांच्याशी विवाह केला. या संबंधाला जेक्स यांचे उत्तेजन होते आणि दोघी स्त्रियांमध्ये अखेरपर्यंत सख्य राहिले. विवाहानंतर थोड्याच काळात जोन या टोनी हॅनकॉक यांच्या प्रेमात पडल्या. हॅनकॉक हे ल मेझरर यांचे जिवलग मित्र होते आणि तोपर्यंत मद्याच्या पूर्ण आहारी गेले होते. त्या पडत्या काळात ल मेझरर यांना आधार देणाऱ्यांत त्यांची आधीची पत्नी होती. जून १९६८ मध्ये सिडनी येथे हॅनकॉक यांनी आत्महत्या केली आणि त्यानंतर जोन व ल मेझरर यांचा संसार पुन्हा सुरू झाला.

निधन व स्मृती

६ ऑक्टोबर १९८० रोजी लंडन येथे, वयाच्या ५८ व्या वर्षी, झोपेतच हृदयविकाराच्या झटक्याने जेक्स यांचे निधन झाले. जोन सिम्स यांना या मृत्यूचा मोठा धक्का बसला. ल मेझरर यांचे निधन त्यानंतर तीन वर्षांनी झाले.

अँडी मेरिमन यांनी लिहिलेले त्यांचे अधिकृत चरित्र २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. स्कोफील्ड प्रकरणावर आधारित 'हॅटी' हे नाट्य बीबीसी फोर वाहिनीने २०११ मध्ये प्रसारित केले. त्यात रूथ जोन्स यांनी जेक्स यांची, तर रॉबर्ट बाथर्स्ट यांनी ल मेझरर यांची भूमिका केली. ज्या गोष्टी लपवण्यासाठी ल मेझरर यांनी बदनामी पत्करली होती, त्या बहुतांश प्रेक्षकांना या नाट्यामुळे प्रथमच कळल्या. अर्ल्स कोर्टमधील त्यांच्या घरावर निळी स्मृतिपट्टिका बसवण्यात आली आहे.