राजेश टोपे : पाच विजय आणि एक पराभव

जालना जिल्ह्यात विधानसभेचे पाच मतदारसंघ आहेत. त्यांपैकी घनसावंगीचे नाव कोरोनाच्या काळात राज्यभर पोहोचले, ते तिथले आमदार राजेश टोपे यांच्यामुळे. रोज दूरदर्शनवर रुग्णांचे आकडे सांगणारे आरोग्यमंत्री आपल्या घराघरांत परिचयाचे झाले होते.

टोपे शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर. वडील अंकुशराव टोपे जालन्याचे खासदार होते. अंबड तालुक्यातील समर्थ सहकारी साखर कारखाना आणि मत्स्योदरी शिक्षण संस्था ही त्यांची ओळख. ऊस आणि शाळा या दोन्हींतून गावोगावी जोडलेली माणसे मुलाला वारशाने मिळाली. १९९९ आणि २००४ मध्ये ते अंबडमधून निवडून आले, तर २००९, २०१४ आणि २०१९ मध्ये घनसावंगीतून. मधल्या काळात त्यांनी उच्च व तंत्रशिक्षण खाते सांभाळले.

३० डिसेंबर २०१९ रोजी ते मंत्री झाले आणि आरोग्य खाते त्यांच्याकडे आले. पुढच्या मार्चमध्ये पुण्यात पहिला रुग्ण सापडला. त्यांच्या आई शारदाताई त्याच दिवसांत मुंबईत रुग्णालयात होत्या. आईची विचारपूस आणि खात्याच्या बैठका दोन्ही सोबतच चालू होत्या. १ ऑगस्ट २०२० रोजी आईचे निधन झाले. त्या दिवशी बकरी ईद होती. ईदगाहे रिकामी होती, नमाज घरातच झाली होती. त्या वर्षी आपल्यापैकी अनेकांनी आपल्या माणसांना मोजक्या लोकांत निरोप दिला. म्हणून मंत्र्याच्या घरातले ते दुःख आपल्याला परके वाटले नाही.

याच काळात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना पांढऱ्या रेशनकार्डासह राज्यातील सर्व रहिवाशांसाठी खुली झाली. मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून दहा नवजात बालके दगावली. त्याच वर्षी आरोग्य विभागाची भरती परीक्षा ऐनवेळी पुढे ढकलावी लागली, नंतर पेपरफुटी उघड झाली आणि हजारो तरुणांची मेहनत टांगणीला लागली. पदावरच्या माणसाचे कौतुक करताना हा हिशेबही मांडावा लागतो.

२०१९ मध्ये टोपे ३,४०९ मतांनी जिंकले होते. २०२४ मध्ये त्याच हिकमत उढाण यांच्याकडून ते २,३०९ मतांनी हरले. शेजारच्या जालना मतदारसंघात २०१४ चा निकाल तर अवघ्या २९६ मतांनी लागला होता. एवढी मते दोन-चार मोहल्ल्यांतच असतात.

"आपल्या एका मताने काय होते?" असे आपल्या घरात कुणी म्हणाले, तर त्यांना हे आकडे जरूर सांगा. मतदार यादीत घरातल्या प्रत्येकाचे नाव आहे का, सुनेचे नाव सासरच्या यादीत आले का, अठरा पूर्ण झालेल्या मुला-मुलींचा अर्ज भरला का, हे निवडणूक येण्याआधीच पाहून घ्या. आमदार कोणत्याही पक्षाचा असो, सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहे का, औषध मिळते का, हे त्याला विचारण्याचा हक्क आपला आहे. तो हक्क पाच वर्षांतून एकदाच नव्हे, तर रोज वापरायचा असतो.