एक्स्प्लेनर : रंग न पाहताही कळतो टायट्रेशनचा ‘एंड पॉइंट’! पीएच सेन्सर हे काम कसे करतो?

अकरावी-बारावीचे केमिस्ट्री प्रॅक्टिकल आठवते? एक हात ब्युरेटच्या कॉकवर, दुसऱ्या हाताने फ्लास्क गोल फिरवायचा आणि नजर खालच्या पांढऱ्या टाइलवर. फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचे. थेंब जास्त पडला की रंग गडद आणि रीडिंग बाद!

पण ज्याला हा फिकट गुलाबी नीट दिसतच नाही, त्याने काय करायचे? रंगांधळेपणा असलेल्या विद्यार्थ्याची गुलाबी आणि पांढऱ्यात गल्लत होऊ शकते. नमुना कोकम सरबतासारखा लालभडक असेल, तर चांगली नजर असलेलाही फसतो. यावर उपाय आहे पीएच सेन्सर.

थेट पीएचच मोजला तर?

पीएच म्हणजे शेतकऱ्यांच्या ओळखीचा ‘सामू’. पण एकट्या सामूवरून एकूण आम्ल किती, हे कळत नाही. ०.१ मोलार हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू १, तर तेवढ्याच तीव्रतेच्या ॲसिटिक आम्लाचा (व्हिनेगरमधले आम्ल) सुमारे २.९ असतो. तरीही दोन्हींच्या समान मापाला कॉस्टिक सोडा मात्र तेवढाच लागतो. म्हणून टायट्रेशन करावेच लागते. सेन्सर फक्त डोळ्यांचे काम करतो.

सेन्सर मोजतो काय?

प्रोबच्या टोकाला खास काचेचा पातळ फुगा असतो. द्रावणातील हायड्रोजन आयनांनुसार काचेवरचे व्होल्टेज बदलते. २५ अंश सेल्सिअसला सामूच्या एका अंकामागे हा बदल साधारण ५९ मिलिव्होल्ट असतो. मात्र काचेचा विद्युतरोध प्रचंड असल्याने साधा मल्टिमीटर इथे चालत नाही. सिग्नल आधी अ‍ॅम्प्लिफायरमधून न्यावा लागतो. मग आर्डुइनोसारखा छोटा बोर्डही तो वाचू शकतो.

प्रयोग कसा होतो?

१. सामू माहीत असलेल्या दोन बफर द्रावणांत, उदा. ४ आणि ७, प्रोब कॅलिब्रेट करा.

२. बीकरमध्ये २५ मिली आम्ल घ्या. फुगा पूर्ण बुडेल, पण ढवळणीला लागणार नाही, असा प्रोब ठेवा.

३. ब्युरेटमधून कॉस्टिक सोडा थोडा थोडा सोडा. प्रत्येक वेळी आकडा स्थिर झाल्यावर माप आणि सामू नोंदवा.

४. दोन्हींचा आलेख काढा. तो जिथे सर्वांत उभा चढतो, तो समतुल्य बिंदू.

ही चढण किती तीव्र असते? आम्ल हायड्रोक्लोरिक आणि दोन्ही द्रावणे ०.१ मोलार असतील, तर २४.९५ मिलीला सामू ४ असतो आणि २५.०५ मिलीला थेट १०! म्हणजे जेमतेम दोन थेंबांत सहा अंकांची उडी. ॲसिटिक आम्लात ही उडी लहान असते आणि समतुल्य बिंदू सुमारे ८.७ ला येतो.

सुरुवात लिंबाच्या रसातून

सामूची मोजपट्टी १९०९ मध्ये डेन्मार्कच्या सोरेनसेन यांनी मांडली. पुढे १९३४ मध्ये कॅलिफोर्नियात लिंबाच्या रसाची आम्लता मोजताना अडचण आली. टिकवण्यासाठी घातलेल्या सल्फर डायऑक्साइडमुळे लिटमसचा रंगच उडायचा. त्यातून अर्नोल्ड बेकमन यांनी इलेक्ट्रॉनिक पीएच मीटर बनवले. आज रंगीत फळरसांचे टायट्रेशन साधारण ८.१ सामूपर्यंत करून आम्लता काढली जाते. कोकमालाही हाच मार्ग लागू पडतो.

चुका कुठे होतात?

कॅलिब्रेशन टाळले, तर आलेख सुबक येतो, पण सामूचे आकडे चुकतात. प्रोब कोरडा पडला किंवा डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवला, तर लवकर खराब होतो. तो पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवावा. कॉस्टिक सोडा डोळ्यांना घातक असल्याने गॉगल हवाच.

आणि हो, ब्युरेट वाचण्यात चूक झाली, तर सेन्सर ती दुरुस्त करत नाही. पण ‘रंग आला का रे?’ असे शेजाऱ्याला विचारण्याची वेळ मात्र कोणावर येत नाही. ज्याला रंग दिसत नाही, त्यालाही स्वतःचे रीडिंग स्वतः घेता येते.