घरात भरणारी मंडळी

पाचोऱ्याहून रेल्वेने निघालं की तासाभरात जळगाव येतं. याच जळगावात १९०७ साली महाराष्ट्रातलं पहिलं कविसंमेलन भरलं. धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या मुलाला ‘बालकवी’ हे नाव मिळालं ते इथेच. संमेलनाला ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकही आले होते. पुढे ठोमरे अहमदनगरला टिळकांच्या बिऱ्हाडी घरच्यासारखे राहिले. ठोमरे स्वतः ख्रिस्ती झाले नाहीत आणि टिळक दांपत्याच्या मायेत त्यामुळे काही उणं पडलं नाही. खानदेशात आज घराघरांतून भरणाऱ्या ख्रिस्ती प्रार्थनासभांची चर्चा होते, तेव्हा या घराची आठवण ठेवायला हवी.

या सभांना घरातली मंडळी म्हणतात. ती म्हणजे काय, ते आधी पाहू. चर्चची इमारत नाही, वेदी नाही, पगारी पाळक नाही. एखाद्या कुटुंबाच्या पुढच्या खोलीत सतरंजी अंथरली जाते आणि दाराशी चपलांची रांग लागते. पेटी असली तर पेटीवर, नसली तर टाळ्यांवर गीतं होतात. मग बायबलमधला उतारा वाचला जातो आणि त्यावर बोलणं होतं. कुणी आजारपणातून उठल्याची, कुणी दारू सुटल्याची साक्ष देतं. पोराची नोकरी, सुनेचं बाळंतपण, बोअरचं आटलेलं पाणी, सगळ्यांसाठी नावं घेऊन प्रार्थना होते आणि शेवटी चहा. मोठ्या चर्चमध्ये मागच्या बाकावर गप्प बसणारी बाई इथे मोकळेपणाने, हवं तर अहिराणीतही, देवाशी बोलू शकते. या पद्धतीचं खरं बळ इथे आहे.

ही रीत नवी नाही, मूळची आहे. प्रिस्किल्ला आणि अक्विला या दांपत्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीला प्रेषित पौलाने सलाम कळवला आहे. फिलेमोनाच्या आणि नुंफाच्या घरातल्या मंडळ्यांचे उल्लेखही त्याच्या पत्रांत आहेत. सिरियात युफ्रेटिसच्या काठी दुरा-युरोपोस इथे उत्खननात तिसऱ्या शतकातलं असंच एक घर सापडलं. मधली भिंत पाडून दोन खोल्यांची एक केलेली, आणि एका खोलीत बाप्तिस्म्यासाठी कुंड. इ. स. ३१३ मध्ये रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली. मग राजाश्रय आला, भव्य इमारती उठल्या आणि अधिकाराची उतरंड पक्की झाली. चीनमध्ये सरकारी नियंत्रणातल्या चर्चमध्ये जायला नकार देणाऱ्यांनी विसाव्या शतकात पुन्हा घराचीच वाट धरली.

आपल्याकडे चर्च आलं ते मिशनच्या घडणीत. पूर्व खानदेश आणि वऱ्हाडात अलायन्स मिशन, पश्चिम खानदेशातल्या आदिवासी पट्ट्यात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन. त्यांनी शाळा काढल्या, दुष्काळातली पोरकी मुलं सांभाळली. हे ऋण मोठं आहे. पण बंगला मिशनऱ्याचा आणि पगारपत्रक परदेशातलं, अशा व्यवस्थेत देशी पाळक नोकर ठरला. टिळकांना ते सलत होतं. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला हा कवी तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत पोचल्याचं सांगे. कीर्तन आणि अभंग त्याने उपासनेत आणले. मराठी चर्चमध्ये आजही त्याची गीतं गायली जातात.

१९१७ मध्ये टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी सेवा सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य तिथे भाऊबहीण म्हणून एकत्र यावेत, ही त्यांची कल्पना. नवा पंथ काढायचा नव्हता, चर्चशी भांडणही नव्हतं. ख्रिस्त या मातीतला व्हावा, एवढीच ओढ होती. मे १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार रुजण्याआधीच थांबला. अहमदनगरच्या त्यांच्या घरात मात्र ती कल्पना आधीपासून नांदत होती. अनाथ पोरं, कवी, पाहुणे यांनी भरलेला तो संसार त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवला आहे.

टिळकांचा दरबार एका माणसावर उभा होता, म्हणून तो माणूस गेल्यावर टिकला नाही. आजच्या घरमंडळ्यांनाही हाच धोका आहे. चालवणारा एकटाच शिकवणारा, एकटाच दशमांश मोजणारा आणि त्याला विचारणारं कुणी नाही, असं झालं की घराचा मठ होतो. आजाऱ्यासाठी प्रार्थना जरूर व्हावी, पण डॉक्टरची गोळी बंद करायला सांगणारा पाळक घातकच. आणखी एक रोकडी अडचण आहे. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे लग्न लावायचा अधिकार ठरावीक धर्मगुरूंना, परवानाधारकांना आणि विवाह निबंधकांना आहे. घरात सभा चालवणाऱ्या भावाला तो बहुधा नसतो. दफनभूमीसाठीही जुन्या चर्चचं दार ठोठावावं लागतं. त्यामुळे संस्थेशी नातं तोडून चालत नाही.

संस्थेनेही तोऱ्यात राहू नये. मिशनच्या जमिनींवरून कज्जे चालतात, समित्यांच्या निवडणुकांत गट पडतात, आणि अशा वेळी दुखावलेला माणूस शेजारच्या घरातल्या सतरंजीवर जाऊन बसतो. त्याला फुटीर म्हणण्याआधी तो का गेला, हे पाळकाने त्याच्या घरी जाऊन विचारावं.

शेजारीपाजारी आणि पोलिसांनीही हे ध्यानात घ्यावं की घरात शांतपणे प्रार्थना करणं हा गुन्हा नाही. संविधानाच्या पंचविसाव्या कलमाने धर्म पाळण्याचं स्वातंत्र्य सगळ्यांना दिलं आहे. आणि घरमंडळी चालवणाऱ्यांनी तीन गोष्टी आजच कराव्यात: पैशाचा हिशेब सर्वांसमोर वाचावा, निर्णय दोन-चार जाणत्यांनी मिळून घ्यावेत, त्यात बायकाही असाव्यात, आणि दार बाहेरच्यासाठी उघडं ठेवावं. एवढं जमलं तर घर हा चर्चला खरा पर्याय ठरेल. नाहीतर ते आणखी एक लहान संस्थान होईल.