उभयचरांचे सर्वेक्षण व ऱ्हास (जालना जिल्हा)

उभयचर वर्गात बेडूक, भेक, सॅलॅमँडर व देवगांडूळ यांचा समावेश होतो. यांची त्वचा पातळ, ओलसर व पार्य असून तिच्यातून श्वसन व पाण्याचे शोषण होते. बहुतेकांची अंडी कवचहीन असून भैकेर (बेडकाचा डिंभ) पाण्यात वाढतो. त्यामुळे पाणी व जमीन यांपैकी कोठेही बिघाड झाला, तरी त्याचा परिणाम या प्राण्यांवर लवकर होतो. इंग्लंडमधील कँटरबरी येथे १९८९ साली भरलेल्या पहिल्या जागतिक उभयचर-सरीसृपविज्ञान परिषदेत निरनिराळ्या देशांतील संशोधकांच्या निरीक्षणांत साम्य आढळले आणि ऱ्हासाचा प्रश्न जागतिक ठरला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनानुसार जगातील सु. ४१ टक्के उभयचर जाती संकटग्रस्त आहेत.

जालना जिल्हा (स्थापना १ मे १९८१) दुधना व पूर्णा या नद्यांच्या खोऱ्यांत मोडतो. वार्षिक पर्जन्यमान सु. ६५० ते ७५० मिमी. असून ते बहुतेक चार महिन्यांतच पडते. अशा प्रदेशातील बेडकांचे जीवनचक्र पावसाच्या तालावर चालते. बिळे करणारे स्फिरोथेका प्रजातीचे बेडूक मागच्या पायांवरील फावड्यासारख्या उंचवट्यांनी माती उकरून तीत शिरतात व कोरडा काळ ग्रीष्मनिष्क्रियतेत (उन्हाळ्यातील सुप्तावस्थेत) काढतात. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात पडणाऱ्या खोल भेगांचा आसराही अशा प्राण्यांना मिळतो. मुंग्या व वाळवी खाणारे, गोल शरीराचे युपेरोडॉन प्रजातीचे बेडूक पहिल्या जोरदार सरींनंतर काही रात्रीच बाहेर दिसतात. सर्वांत मोठा हॉप्लोबॅट्रॅकस टायगरिनस (पूर्वीचे नाव रॅना टायग्रिना) हा होय. विणीच्या वेळी याचे नर पिवळेजर्द होतात व त्यांचे स्वरकोश निळे दिसतात. जीवविज्ञानाच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांना हा प्राणी शेताच्या बांधावर नव्हे, तर विच्छेदनाच्या तबकातच भेटला, हे खेदाने म्हणावे लागते.

सर्वेक्षणासाठी पहिल्या पावसानंतरच्या रात्री महत्त्वाच्या असतात. ठरलेल्या वाटेने सूर्यास्तानंतर चालत जाऊन दिसलेले प्राणी मोजतात, नरांचे आवाज जातीनुसार नोंदवितात आणि पुढील आठवड्यांत डबक्यांतील अंडी व भैकेर तपासतात. पाऊस, तापमान व वेळ यांच्या नोंदीशिवाय या आकड्यांना अर्थ उरत नाही. एखाद्या रात्री बेडूक ओरडला नाही म्हणजे तो तेथे नाही असे नव्हे. म्हणून त्याच जागी पुन्हापुन्हा जावे लागते.

खरी अडचण याच्या पुढे आहे. २०१२-१३ सारख्या दुष्काळात डबकी भरलीच नाहीत किंवा रूपांतरण पूर्ण होण्यापूर्वी आटली, तर त्या वर्षीची पिढी जवळजवळ बुडते. लागोपाठ चांगला पाऊस झाल्यास संख्या पुन्हा वाढू शकते. अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना राज्यात रेनबो बे या तळ्यावर केलेल्या व १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या बारा वर्षांच्या मोजणीत विणीस येणाऱ्या माद्यांची संख्या कमालीची खालीवर झाली, तर काही वर्षी एकही पिलू बाहेर पडले नाही. म्हणून दोन-तीन हंगामांतील घट पाहून ऱ्हास झाला असे म्हणणे घाईचे ठरते. याच कारणाने ‘पूर्वी फार बेडूक ओरडत’ ही गावातील वृद्धांची साक्ष टाकाऊ नसली, तरी पुराव्याला पुरेशी नाही.

दीर्घ मुदतीच्या धोक्यांत विणीच्या जागा नष्ट होणे हे मुख्य होय. उथळ डबकी व ओढ्यांची पात्रे सपाट करून शेतात घेतली जातात. शेततळी वाढली आहेत, परंतु प्लॅस्टिकचे अस्तर घातलेल्या तळ्याला उथळ, चिखलाची कड नसते व गुळगुळीत उतारावरून पिलांना वर चढणे कठीण जाते. म्हणून शेततळे हा डबक्याचा पर्याय मानता येत नाही. कापूस व इतर पिकांवरील कीटकनाशके पहिल्या पावसात नेमकी विणीच्या पाण्यात वाहून येतात. अन्य देशांत अनेक जाती नष्ट करणारे कायट्रिड कवक पश्चिम घाटातील बेडकांवर आढळले आहे. मात्र ते सु. १७° ते २५° से. तापमानात उत्तम वाढत असल्याने मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्याला फारसा वाव नसावा. बेडकांच्या तंगड्यांचा व्यापार हे पूर्वीचे देशव्यापी कारण होते. १९८१ साली भारतातून ४,००० टनांहून अधिक तंगड्या निर्यात झाल्या; १९८७ साली निर्यातीवर बंदी आली.

जुन्या नोंदींशी तुलना करताना नावांचा घोळ आड येतो. जुन्या याद्यांत ‘रॅना लिम्नोकॅरिस’ या एकाच नावाखाली आलेले शेतातील लहान बेडूक पुढे अनेक जातींत विभागले गेले आणि त्यांपैकी भारतातील बरेच आता मिनर्व्हारिया प्रजातीत घालतात. नुसत्या यादीवरून त्यांतील कोणती जाती अभिप्रेत होती हे ठरविता येत नाही. स्थळ व दिनांक यांची चिठ्ठी असलेला नमुना संग्रहात जतन केलेला असेल, तरच त्याची पुन्हा ओळख पटविता येते. पुण्यातील भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेच्या प्रादेशिक केंद्रात (स्थापना १९५९) आणि मुंबईच्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीत असे संग्रह आहेत.