क्षुधार्तांवरील वैद्यकीय संशोधन व दात्यांचे कर्तव्य

नायगाव व वसई भागातील व्यापारी, जमीनदार आणि इतर उदार स्त्री-पुरुष यांस सविनय निवेदन की, संकटनिवारणाच्या फंडात आपण जे द्रव्य घालता, त्याचा पैपैचा हिशेब मागण्याचा आपणांस अधिकार आहे. धान्य किती वाटले, कापड किती, औषध किती, हे अहवालात छापले जाते. परंतु एक बाब जमाखर्चाच्या रकान्यात बसत नाही. जेथे उपाशी किंवा पूरग्रस्त माणसे शेकड्यांनी एकत्र येतात, तेथे वैद्यकीय संशोधकही येतात. कोणास रक्त तपासावयाचे असते, कोणास नव्या औषधाची अथवा नव्या आहाराची परीक्षा करावयाची असते. त्यांस छावणीत येऊ द्यावे काय, आणि द्यावे तर कोणत्या अटींवर, हा प्रश्न छावणी चालविणाऱ्यांपुढे, व पर्यायाने तिला द्रव्य पुरविणाऱ्यांपुढे, येतो. त्याचा खुलासा करण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

आपल्याच इलाख्यातील एक जुने उदाहरण प्रथम घेऊ. १८७६ साली पाऊस गेला आणि सोलापूर, पुणे, नगर, सातारा इत्यादी जिल्ह्यांत घोर दुष्काळ पडला. १८७७ च्या जानेवारीत हिंदुस्थान सरकारने सर रिचर्ड टेम्पल यांस पाहणीकरिता मद्रास व मुंबई इलाख्यांत पाठविले. १८७४ च्या बिहारमधील दुष्काळात त्यांनी बाहेरून तांदूळ आणवून पुष्कळ जीव वाचविले होते, व खर्च अतोनात केला म्हणून दोषही पदरी घेतला होता. या खेपेस त्यांनी असे मत मांडले की, दुष्काळी कामावरील पुरुषास दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे ३९ तोळे, धान्य व वर थोडी रोकड एवढे पुरेल. निदान तसे करून तरी पाहावे. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी यास कडक हरकत घेतली. नुसते निजून जगण्यास लागणारे अन्न निराळे आणि दिवसभर खडी फोडण्यास लागणारे निराळे. श्रम करणाऱ्यास निदान दीड पौंड धान्य व त्याशिवाय डाळ-भाजी पाहिजेच, असे त्यांचे म्हणणे होते. तुरुंगातील सक्तमजुरीच्या कैद्यासही यापेक्षा अधिक शिधा मिळत असे. इकडे हजारो मजुरांनी कामे सोडून दिली, आणि सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी यांच्या पुणे सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून वृत्तान्त जमवून सरकारापुढे मांडले. मद्रास सरकारने पुढे मजुरी वाढविली. परंतु मधल्या काळात जी शरीरे खंगली, ती त्या वाढीने भरून आली नाहीत.

या प्रकरणास त्या काळी कोणी वैद्यकीय संशोधन म्हटले नसेल. पण वस्तुतः तो जिवंत माणसांवरील प्रयोगच होता. त्यात दोष कोणता? ज्याच्या पोटावर प्रयोग व्हावयाचा त्यास कोणी विचारले नाही. नाही म्हणावे तर उपवास, अशी त्याची स्थिती होती. अपाय दिसू लागताच प्रयोग थांबविण्याचा अधिकार कोणा तटस्थ माणसाकडे नव्हता. आणि प्रयोगाचा लाभ व्हावयाचा तो खजिन्यास; तोटा मात्र मजुरास.

तथापि यावरून चौकशीच नको, असे अनुमान काढणे चुकीचे होईल. सार्वजनिक सभेने केली ती चौकशीच होती. फरक एवढाच की ती पीडितांच्या हिताकरिता होती व तिच्यापायी कोणाचा घास कमी झाला नाही.

पुढे वीस वर्षांनी मुंबईत प्लेग आला. डॉ. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रतिबंधक लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तेथील राजी झालेल्या कैद्यांस ती देण्यात आली. लसीचा गुण दिसला व पुढे ती असंख्य लोकांस मिळाली. परंतु गजाआड असलेल्या, साथीने वेढलेल्या माणसाचा होकार कितपत मोकळा मानावा, ही शंका आजही राहते. १९०२ साली पंजाबात मुल्कोवाल येथे एकाच बाटलीतील लस घेतलेले १९ लोक धनुर्वाताने दगावले. हाफकिन यांजवरील ठपका दूर होण्यास १९०७ साल उजाडले.

आता चांगले उदाहरण पाहा. १९७१ साली पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज पाण्यात कालवून ते रोग्यांस पाजण्याचा उपाय केला. पाजण्याचे काम नातलगांनीच केले. हा उपाय आधी रुग्णालयांत पारखलेला होता, तो कोणापासून राखून ठेवला नाही, आणि नोंदी नीट ठेवल्या. शेकडा ३० पर्यंत गेलेले मृत्यूचे प्रमाण शेकडा ४ च्या खाली आले. त्या नोंदी नसत्या, तर जगास खात्री पटण्यास आणखी किती वर्षे गेली असती कोण जाणे.

२०१७ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने जी नीतितत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत आपत्तिकाळातील संशोधनास स्वतंत्र प्रकरण दिले आहे. त्यांचे व आपल्या अनुभवाचे सार दात्यांच्या उपयोगाकरिता चार अटींत सांगता येईल.

पहिली अट : मदत आधी व बिनशर्त. रक्त दिले तरच शिधा, अशी भाषा तर नसावीच, पण तसा भासही होऊ नये. याकरिता शिधा वाटणारा व संमती घेणारा हे दोन इसम निरनिराळे असावेत.

दुसरी : जे संशोधन शांततेच्या काळी, सुस्थित लोकांत होऊ शकते, ते संकटग्रस्तांवर करू नये.

तिसरी : संशोधनाची योजना स्वतंत्र नीतिसमितीने तपासलेली असावी. संकटात वेळ थोडा असतो, म्हणून तपासणी त्वरेने व्हावी, किंबहुना योजनेचा मसुदा आधीच तपासून ठेवावा. पण तपासणी टाळू नये. अपाय झाल्यास उपचार व भरपाई कोणी द्यावयाची, हेही तीत लिहिलेले असावे.

चौथी : निष्कर्ष त्या लोकांस त्यांच्या भाषेत कळवावेत, व उपाय गुणकारी ठरल्यास तो प्रथम त्यांस मिळावा.

हा विचार आपल्या भागास दूरचा नाही. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यात वावर-वांगणी येथे झालेले बालमृत्यू अजून विस्मरणात गेलेले नाहीत. आणि २०१८ च्या जुलैत वसईच्या मिठागरातील वस्ती पाण्याने वेढली गेली होती. पूर ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिससारखे ताप येतात, व त्यांचा अभ्यास होणे अवश्यही आहे. परंतु खाडीकाठच्या त्या मजुरास, हातात कोरडे धान्य पडण्यापूर्वी, कागदावर अंगठा उठविण्यास कोणी सांगू नये.

द्रव्य देणाऱ्याच्या शब्दास वजन असते. तरी वर्गणी पाठविताना या चार अटी चिठ्ठीवर लिहून सोबत जोडाव्यात, आणि वर्षअखेर हिशेब मागाल तेव्हा त्यांचाही जाब विचारावा, अशी नम्र विनंती आहे.