संगणकातील चित्रफीत टीव्हीवर पाहण्यासाठी सीडी कशी तयार करावी?



रेडिओवरून निंबोळी अर्काची कृती सांगितली की तुमची पत्रे येतात, "साहेब, ऐकलं, पण एकदा करून दाखवा." म्हणून आम्ही अशा कृतींच्या चित्रफिती काढतो. तुमच्यापैकी पुष्कळजण मोबाइलवर स्वतःही काढतात. या चित्रफिती संगणकावर चांगल्या दिसतात, पण समाजमंदिरातल्या टीव्हीला जोडलेल्या डीव्हीडी प्लेयरवर लागत नाहीत. असे का होते आणि काय करावे, ते कार्यक्रमात सांगितले होतेच. पण आकडे नुसते ऐकून ध्यानात राहत नाहीत, म्हणून हे पत्रक.

आधी माझीच फजिती सांगतो. निंबोळ्या पिकून पडायचे दिवस होते. एका गावात रात्री बैठक ठेवली. माणसं जेवणं उरकून आली, बचत गटाच्या बायकाही आल्या. मी घरच्या संगणकावर सीडी मारून नेली होती. प्लेयरमध्ये घातली, ती चार-पाच वेळा घरघरली आणि पडद्यावर अक्षरं आली, 'नो डिस्क'. काढली, सदऱ्याला पुसली, पुन्हा घातली. पुन्हा तेच. मागे बसलेले एक म्हातारे बाबा म्हणाले, "साहेब, बी उगवून बघितलं नव्हतं का?" खरंच बघितलं नव्हतं. संगणकावर लागते म्हणजे टीव्हीवर लागणारच, असं धरून चाललो होतो. तोंडी सांगून वेळ मारून नेली. पुन्हा माणसं जमेपर्यंत पावसानं झोडपलं आणि निंबोळ्या मातीत गेल्या.

पोते आणि आतले धान्य

चूक कुठे झाली ते समजून घ्या. संगणकातील चित्रफितीच्या नावापुढे एमपी-४, एव्हीआय अशी अक्षरे असतात. हे झाले पोत्याचे नाव. आत धान्य कोणते, ते वेगळे. मोबाइलने काढलेल्या चित्रफितीत चित्रे बहुधा एच-२६४ किंवा एच-२६५ या पद्धतीने दाबून बसवलेली असतात. संगणक ही पद्धत ओळखतो. साधा डीव्हीडी प्लेयर मात्र १९९० च्या दशकात ठरलेल्या नियमांवर चालतो. त्याला एमपेग-२ या पद्धतीने भरलेली चित्रे लागतात, आणि तीही ठरावीक मापाची व ठरावीक नावाच्या कप्प्यात ठेवलेली. ज्या चक्कीचे पाट ज्वारीसाठी लावले आहेत तिच्यात भुईमुगाच्या शेंगा ओतल्या तर पीठ कसे पडेल?

तेव्हा नुसती फाइल उचलून तबकडीवर टाकली तर ती 'डेटा' सीडी होते. संगणकाच्या दृष्टीने ते पोते ठेवायचे कोठार. टीव्हीसाठी 'व्हिडिओ डीव्हीडी' करावी लागते. तिच्यात 'व्हिडिओ टीएस' नावाचा कप्पा तयार होतो आणि प्लेयर तोच शोधत असतो.

इथे एक फसगत सांगून ठेवतो, कारण मीही तिथेच फसलो. विंडोज ७ किंवा त्यानंतरच्या संगणकात कोरी तबकडी घातली की ती कशासाठी वापरणार असे विचारतो, आणि एक पर्याय 'सीडी/डीव्हीडी प्लेयरसाठी' असा दाखवतो. वाचून वाटते, आपल्याला हेच हवे! पण हा पर्याय निवडला तरी तबकडी डेटाचीच होते. चित्रांचे रूपांतर त्यात होत नाही.

काही प्लेयरना पुढे यूएसबीची खाच असते आणि ते एव्हीआय पोत्यातले काही प्रकार वाचतातही. तुमचा नवा सपाट टीव्ही असेल आणि त्याला अशी खाच असेल, तर पेनड्राइव्हवर फाइल घालून आधी तीच लावून पाहा. लागली तर सीडीच्या भानगडीत पडू नका. विनाकारण खर्च कशाला?

किती मावते?

साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी लिहिलेले असते. संगणक तीच जागा सुमारे ४.३८ जीबी दाखवतो. दुकानदाराने फसवले असे समजू नये, दोघांची मोजायची रीत वेगळी आहे. यात साधारण १ तासाची चित्रफीत उत्तम आणि २ तासांची चांगली बसते. त्याहून जास्त कोंबली तर चित्र चौकोनी ठिपक्यांचे दिसू लागते. पानावर मावा आहे की तुडतुडे हे ओळखता आले नाही, तर ती चित्रफीत दाखवून उपयोग काय?

पुष्कळांचा गोंधळ होतो तो इथे. "माझी फाइल तर ५०० एमबीचीच आहे, मग अशा आठ बसतील," असे म्हणतात. तसे होत नाही. रूपांतर केल्यावर फाइल फुगते, कारण जुन्या पद्धतीत चित्रे तेवढी दाबून बसत नाहीत. वाळवलेल्या मेथीची जुडी पाण्यात टाकल्यासारखे समजा. म्हणून फाइलचे वजन पाहू नका, ती किती मिनिटे चालते ते पाहा.

जुनी व्हिडिओ सीडी आपल्याकडे लग्नाच्या शूटिंगमुळे घरोघर पोचली. ती एमपेग-१ पद्धतीची असते, ७०० एमबीच्या तबकडीवर ८० मिनिटे मावतात, पण चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचेच. डीव्हीडीचे ७२० बाय ५७६. प्लेयर डीव्हीडीचा असेल तर डीव्हीडीच करावी.

प्रत्यक्ष कृती

संगणकाला तबकडी लिहिणारा ड्राइव्ह हवा. नव्या लॅपटॉपमध्ये तो बहुधा नसतो, बाहेरून यूएसबीने जोडायचा मिळतो. विंडोज ७ च्या काही आवृत्त्यांत डीव्हीडी मेकर होता. विंडोज ८ पासून तो काढून टाकला. आता डीव्हीडीस्टायलर नावाचा मोफत प्रोग्रॅम वापरता येतो. त्यात नवे काम सुरू करताना तीन गोष्टी नीट निवडाव्यात.

पहिली, पद्धत 'पाल'. भिंतीवरची पाल नव्हे! आपल्याकडच्या जुन्या टीव्हीची सेकंदाला २५ चित्रांची जी पद्धत आहे तिचे हे नाव. दुसरी पद्धत एनटीएससी, ती अमेरिकेची. चुकून ती निवडली तर काही जुन्या टीव्हीवर चित्र काळे-पांढरे दिसते किंवा सरकत राहते. दुसरी गोष्ट म्हणजे चित्राचा आकार. मोबाइल आडवा धरून काढले असेल तर १६:९ निवडा, आणि जुना पेटीसारखा टीव्ही असेल तर प्लेयरच्या सेटिंगमध्ये '४:३ लेटरबॉक्स' ठेवा. नाहीतर माणसे उसाच्या कांड्यासारखी उभट दिसतात. (मोबाइल उभा धरून काढले असेल तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येणारच, त्याला इलाज नाही.) तिसरी, तबकडीची जागा ४.७ जीबी.

मग चित्रफिती आत ओढून ठेवाव्यात आणि 'बर्न'चे बटण दाबावे. आवाजाचे रूपांतर प्रोग्रॅम आपोआप करतो. जुन्या संगणकाला या कामात काही तासही लागू शकतात, तेव्हा लाइट जाण्याची वेळ पाहून बसावे. रूपांतर होताना लाइट गेली तर काम पुन्हा करता येते, पण तबकडी लिहिताना गेली तर तबकडी वाया. लिहिण्याचा वेग ४ पट ठेवावा. पूर्ण भरलेली डीव्हीडी लिहायला सुमारे १५ मिनिटे लागतात. घाईने लिहिलेली तबकडी जुना प्लेयर कधी कधी अडखळत वाचतो. शेवटी 'फायनलाइज' झाल्याशिवाय तबकडी बाहेर काढू नये.

दुकानात करून घेणार असाल तर एवढेच बोला, "डेटा सीडी नको. टीव्हीच्या प्लेयरवर लागणारी व्हिडिओ डीव्हीडी हवी, पाल पद्धतीची. दुकानातल्या प्लेयरवर लावून दाखवा, मग पैसे देतो." आणि आपली मूळ फाइल मोबाइलमधून पुसू नका. डीव्हीडीवरून परत तेवढे स्वच्छ चित्र मिळत नाही. आपण स्वतः काढलेल्या किंवा परवानगी असलेल्याच चित्रफिती भराव्यात. सिनेमाच्या नकला काढणे गुन्हा आहे.

कडेची अक्षरे

हा मुद्दा किरकोळ वाटेल, पण मला सगळ्यांत जास्त काळजी याचीच आहे. जुना पेटी टीव्ही चित्राच्या चारही कडा थोड्या कापून दाखवतो. संगणकावर तळाशी 'निंबोळी पावडर ५ किलो, पाणी १०० लिटर' असे स्पष्ट दिसते. टीव्हीवर ती ओळ अर्धी पडद्याबाहेर जाते, आणि लोक उरलेले अंदाजाने धरतात. निंबोळी अर्काचे एक वेळ निभावेल. कीटकनाशकाचे प्रमाण असे अंदाजाने धरले तर पीक जळेल, नाहीतर फवारणाऱ्याच्या जिवावर बेतेल. म्हणून प्रमाणाची अक्षरे मधोमध आणि मोठी टाकावीत, आणि तोंडानेही दोनदा सांगावीत.

आता म्हातारेबाबांचे बी उगवून बघणे. दहा प्रती काढण्याआधी एकच काढा आणि ज्या टीव्हीवर दाखवायची त्याच टीव्हीवर पहिल्यापासून शेवटपर्यंत लावा. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी 'आरडब्ल्यू' तबकडी चाचणीला स्वस्त पडते, पण ती कमी चकाकते, त्यामुळे काही जुने प्लेयर तिला नाकारतात. तसे झाले तर लगेच रूपांतराला दोष देऊ नका. साध्या 'आर' तबकडीवर एक प्रत काढून पाहा.

तयार तबकडीवर कागदाची चिठ्ठी चिकटवू नये, मऊ टोकाच्या पेनाने नाव व तारीख लिहावी. पत्र्याच्या खोलीत, खिडकीच्या उन्हात ठेवू नये. घरी लिहिलेल्या तबकडीतला रंगाचा थर उन्हाने खराब होतो. पुसायची झाल्यास मऊ फडक्याने मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल गोल नाही. माझ्यासारखी सदऱ्याला तर मुळीच नको.

आणि बिघडलेल्या तबकड्या फेकू नका. ज्वारी चिकात आली की दोऱ्याने बांधून टांगा. वाऱ्यावर फिरताना चकाकतात आणि पाखरे काही दिवस तरी बुजतात. माझी ती 'नो डिस्क' सध्या अशीच एका शेतात लटकते आहे.